वारेनिकी खाल्लेल्यांनी बाहेर यावं

सन्माननीय अध्यक्ष आणि टॅमरॅक रिंक समितीचे प्रमुख श्री. स्टेफान कुलचिस्की, आजचे सत्कारमूर्ती श्री. ऑर्व्हिल थीसन, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि गेली चौदा वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलणाऱ्या सौ. वेल्मा थीसन, रेजायनापासून विनिपेगपर्यंतच्या वाटा तुडवत आलेल्या माझ्या पारखी मंडळींनो, आणि डासांची पर्वा न करता या कर्लिंग हॉलमध्ये जमलेल्या टॅमरॅकच्या सुजाण गावकऱ्यांनो, तुम्हा सर्वांना या नोएला देजार्लेचा मनापासून नमस्कार.

अध्यक्षमहाराजांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यावरून त्यांची माझी ओळख जुनी नाही हे सर्वांच्या लक्षात आलंच असेल. मी प्रयत्न करीन. पण ऑर्व्हिल थीसन यांच्यासारख्या माणसाबद्दल थोडक्यात बोलायचं तर ते फक्त ऑर्व्हिलनाच जमेल. ते म्हणतील, "बरा होता," आणि खाली बसतील.

आम्ही काय काम करतो हे टॅमरॅकला नव्याने सांगायला नको. पण कुलचिस्की वहिनींच्या भगिनी व्हँकुव्हरहून आल्या आहेत, आणि मघाशी चहाच्या टेबलापाशी त्या मला विचारत होत्या, की तुम्ही मंडळी हिवाळाभर थंडगार बाकांवर बसून नेमकं करता काय? बाई, तुमचा प्रश्न रास्त आहे. माझी आईही मला हेच विचारायची. तर आम्ही सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची बर्फावरची हॉकी बघतो आणि त्यांची क्रमवारी लावतो. जूनमध्ये ड्राफ्ट असतो, म्हणजे मोठ्या लीगचे क्लब या पोरांतून आपापल्याला हवा तो उचलतात. उचलण्याआधी ते आमच्या यादीकडे बघतात. यादीत वर असलेल्या पोराच्या घरी फोन वाजतो. यादीत नसलेल्या पोराच्या घरी सहसा वाजत नाही. इतकं साधं काम आहे, आणि त्यापायी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात. वेल्माकाकू, मी सहजच तुमच्याकडे पाहिलं.

ऑर्व्हिल ही यादी काढणाऱ्या आमच्या कचेरीच्या पश्चिम विभागाचे प्रमुख. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस मला खेळातल्या खाचाखोचा शिकवील. पहिल्याच दिवशी प्रिन्स अल्बर्टला त्यांनी मला रिंकच्या वरच्या कोपऱ्यात, पारख्यांच्या बाकावर बसवलं आणि ताकीद दिली, की इथे रस्ते, जेवण आणि गुडघे या तीनच विषयांवर बोलायचं. मी विचारलं, पोरांबद्दल नाही? ते म्हणाले, पोरांबद्दल बोललीस की शेजारच्याचं मत तुझं होतं, आणि तुझं मत चोरीला जातं. आम्ही सगळे, वेगवेगळ्या क्लबांचे आणि आमच्या कचेरीचे, त्या कोपऱ्यात एकत्र बसतो, एकाच थर्मासातली कॉफी पितो आणि खाली जे चाललंय त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, हे लोक मयताला आलेत.

एकदा मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, की मूझ जॉच्या संघातला तो मधल्या फळीतला पोरगा काही खास नाही. त्यांनी विचारलं, किती वेळा पाहिलास? मी म्हटलं, एकदा. ते म्हणाले, मग तू त्याला पाहिलेलंच नाहीस, तू फक्त तिथे होतीस. असं बोलतात! त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता, की परतीच्या वाटेवर मी गाडीत एकटीच त्यांच्याशी भांडत आले.

आता मी मुख्य गोष्टीकडे वळते. आमच्यात एक नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, पण मेनिटोबाच्या सीमेपासून पर्वतांपर्यंत सगळे पाळतात. त्याला आम्ही टेबलाचा नियम म्हणतो. ज्या टेबलावर एखादा खेळाडू जेवतो, त्या टेबलावर जेवलेल्या पारख्याने त्याच्या क्रमवारीत तोंड घालायचं नाही. त्या पोराचं नाव निघालं, की उठायचं आणि खोलीबाहेर जायचं. हा नियम ऑर्व्हिलनी घातला. का घातला, तर त्यांच्या उमेदीच्या काळात एका पारख्याने स्वतःच्या घरमालकिणीच्या मुलाला यादीत असा काही चढवला होता, की तो मुलगा बर्फावर उतरल्यावर क्लबवाल्यांना वाटलं, चुकून दुसराच कोणी आलाय. त्यानंतर दोन वर्षं आमच्या यादीवर कोणी विश्वास ठेवला नाही. ऑर्व्हिलना ते फार लागलं होतं.

आणि मग नियम घालणाऱ्याच्याच घरी पाहुणा आला.

तुम्हाला तो हिवाळा आठवत असेल. आपल्या टॅमरॅकच्या ज्युनियर संघात बाहेरगावची पोरं नेहमीच असतात, आणि त्यांना गावातली घरं सांभाळतात. त्या वर्षी एका घरची आजी आजारी पडली आणि एक पोरगा ऐन हंगामात बेघर झाला. चर्चमधल्या जेवणात हे निघालं, आणि वेल्माकाकूंनी नवऱ्याकडे न बघता हात वर केला. ऑर्व्हिल तेव्हा अल्बर्टात होते. परत आले तर स्वयंपाकघरात सव्वासहा फुटांचा एक सोनेरी केसांचा मुलगा भांडी पुसत उभा. तोबायस सिगुर्डसन. विनिपेग सरोवराकाठच्या कोळ्यांचा पोरगा, बचाव फळीत खेळायचा. ऑर्व्हिलनी बूटसुद्धा काढले नाहीत. ते म्हणाले, "वेल्मा, हा या वर्षीच्या ड्राफ्टचा आहे." काकू म्हणाल्या, "असू दे की. भांडी छान पुसतो."

तोबीचं प्रकरण असं होतं. वडलांची सरोवरावर मासेमारी, थोरला भाऊ त्यातच. वडलांनी धाकट्याला एकच हिवाळा दिला होता. यादीत नाव आलं तर खेळ, नाही आलं तर वसंतात बोटीवर ये, जाळी ओढायला माणूस कमी आहे. माणूस वाईट नव्हता, पण घरात खाणारी तोंडं होती. तोबीने हे कोणाला सांगितलं नाही. काकूंनीच ते त्याच्याकडून काढून घेतलं. अशा गोष्टी काढून घ्यायला त्यांना बटाटे सोलायला लागतात तेवढाच वेळ लागतो. त्या दिवसापासून तोबीचं नाव यादीत यावं हा काकूंच्या जीवाचा विषय झाला.

पण करणार काय? या घरातला एकमेव माणूस, ज्याच्या शब्दाला वजन होतं, त्याच्या तोंडाला त्याचाच नियम कुलूप लावून बसलेला. काकूंनी जंग जंग पछाडलं. तुम्हाला तो कसा वाटतो, एवढं तरी मला सांगा. नाही. बरं, हसून दाखवा. नाही. ऑर्व्हिलनी मान हलवली असती तरी काकूंनी त्यातून अर्थ काढला असता, म्हणून त्या महिन्यात ते जेवताना मानही हलवत नसत असं मी ऐकलंय.

तेव्हा काकूंनी विचार केला, यांना बोलता येत नाही ना, मग बाकीच्यांना बोलू दे. त्यांनी पोराला ओळखलं पाहिजे, म्हणजे ते सभेत त्याच्या बाजूने उभे राहतील. आणि जानेवारीत देवानेच त्यांना संधी दिली. टॅमरॅकचा सामना संपला, वादळ सुटलं, हमरस्ता बंद झाला, आणि पश्चिमेतले झाडून सगळे पारखी आपल्या गावातल्या मोटेलात अडकले. मोटेलचं स्वयंपाकघर बंद. काकू रिंकच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि एकेकाला दंडाला धरून घरी घेऊन गेल्या. ऑर्व्हिल समितीच्या मंडळींबरोबर रिंकचं छप्पर बघायला थांबले होते. ते घरी पोचले तेव्हा टेबलाला दोन फळ्या जोडून झाल्या होत्या, आणि सगळी पारखी मंडळी वारेनिकींवर तुटून पडली होती.

ज्यांनी काकूंच्या वारेनिकी खाल्ल्या नाहीत त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. दह्याच्या चक्क्याने भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वरून सायीचा दाट रस्सा ओतलेला, बाजूला धुरावलेला सॉसेज, आणि मग आंबट रुबार्बचा केक, प्लाट्स. तोबी सगळ्यांना वाढत होता, काका अजून दोन घ्या म्हणत होता, आणि शेवटी तोही त्यांच्यातच बसून जेवला. ऑस्टबी, आमच्या कचेरीतले तुम्ही जुने पारखी, तुम्ही तिथे होतात. तुम्ही मला सांगितलंत की ऑर्व्हिल दारात उभे राहिले, त्यांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नजर फिरवली, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तुम्हाला वाटलं, छपराचं काही वाईट निघालं. कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. पडणार कसा? समोर वारेनिकी होत्या.

मी कुठे होते? मी गावाबाहेर तीन मैलांवर खड्ड्यात होते. सामन्याला येतानाच गाडी घसरली होती. एका शेतकरीदादांनी ट्रॅक्टरने मला बाहेर काढलं, तोवर मी पेट्रोल पंपावरचं गारढोण सँडविच खाल्लं होतं आणि जगातल्या यच्चयावत माणसांवर चिडले होते. दुसऱ्या दिवशी सगळे मला ऐकवत होते, काय जेवण होतं नोएला, काय ते जेवण. मी कोणाशी बोलले नाही.

त्या आठवड्यात सॅस्कटूनच्या हॉटेलात आमची हिवाळी सभा भरली. टोरंटोहून मुख्य साहेब आलेले. ते पोरांना पाहत नाहीत, आम्ही सांगू तशा नावांच्या पट्ट्या फळ्यावर वरखाली लावतात. सकाळभर बरं चाललं. मग साहेबांनी वाचलं, तोबायस सिगुर्डसन, बचाव, टॅमरॅक. ऑर्व्हिल नेहमीप्रमाणे उठले. दारापर्यंत गेले. मुठीवर हात ठेवला आणि मागे वळले. मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले,

"वेल्माच्या वारेनिकी ज्यांनी ज्यांनी खाल्ल्या, त्यांनी बाहेर यावं."

मग ऑस्टबी हळूच म्हणाले, "ऑर्व्हिल, मी दोनच खाल्ल्या." त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, दोन ताटं! आणि मग एकेक खुर्ची सरकायला लागली. पिढ्यान्‌पिढ्या प्रेअरीवर पोरं पारखलेली ती सगळी दिग्गज माणसं, खाली माना घालून, शाळेतल्या पोरांसारखी ओळीने बाहेर गेली. दार लागलं. आत उरलो साहेब, फळा आणि मी. त्या कचेरीत सगळ्यात नवी.

साहेब म्हणाले, "बोला बाई. कुठे लावू?"

मी तोबीला एकदाच पाहिलं होतं, ऑक्टोबरात. हात चांगला, डोकं शांत, पण डावीकडे वळताना अडखळायचा. वळायचा कसला, थांबायचा आणि मग निघायचा. आणि ऑर्व्हिलचं ते वाक्य माझ्या डोक्यात होतंच, एकदा पाहिलं म्हणजे पाहिलेलं नाही. मी म्हटलं, साहेब, हिवाळी यादीत नाव नको. शेवटच्या यादीला अजून वेळ आहे, तोवर मी त्याला बघते. साहेबांनी पट्टी फळ्याच्या कडेला लावून ठेवली. बाहेर आले तर सगळे कॉरिडॉरमध्ये उभे, आणि कोणी मला काही विचारेना, कारण विचारलं तर नियम मोडला असता. ऑर्व्हिल खिडकीतून पार्किंगकडे बघत होते.

मी फेब्रुवारी आणि मार्च टॅमरॅकमध्ये घातले. पारख्यांच्या कोपऱ्यात न बसता खाली काचेपाशी उभी राहिले, जिथे पोरं आदळली की काच आपल्या नाकाला लागते. सुरुवातीला तोबी होता तसाच होता. मग मार्चच्या सुमाराला तो वळायला लागला. सफाईने, पाय न थांबवता, समोरच्याला आतून कापत. मी स्वतःशीच म्हटलं, पोरं या वयात वाढतात. एप्रिलमध्ये साहेबांना कळवलं, यादीत घ्या. कितवा? मी खूप विचार केला. त्याच्यात जेवढं होतं तेवढंच द्यायचं, एक घरही वर नाही की खाली नाही. म्हटलं, एकशे अठरावा.

वेल्माकाकूंना मी स्वतः फोन करून सांगितलं, कारण मला वाटलं त्यांना आनंद होईल. तेव्हा मी तरुण होते. काकूंनी तो आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. मग त्या म्हणाल्या, "एकशे अठरा? हा काय नंबर झाला? हा तर बसचा नंबर आहे." आणि फोन ठेवला. आपल्या गावाला बससुद्धा नाही, तरी त्या असं म्हणाल्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जूनमध्ये फार उशिरा, सगळे उठून जायच्या बेतात असताना एका क्लबने तोबीला उचललं. त्याचे वडील बोटीवर रेडिओ लावून बसले होते, आणि त्यांनी त्या दिवशी जाळी तशीच सोडून किनारा गाठला. तोबी लहान लीगमध्ये बरीच वर्षं खेळला, एक अख्खा हिवाळा मोठ्या लीगमध्ये खेळला, आणि गुडघ्याने दगा दिल्यावर आपल्याच गावात परत आला. तुमची पोरं आज त्याच्या हाताखाली शिकताहेत. बाहेर कढईत तळले जाणारे पिकरेल मासे त्याने आज पहाटे सरोवरावरून आणलेत.

म्हणजे सगळं ठीकच झालं की नाही? पण नाही. चौदा वर्षं, दर शरद ऋतूतल्या चर्चच्या जेवणात, वेल्माकाकू मला प्लाट्सचा सगळ्यात छोटा तुकडा देतात आणि चारचौघांत म्हणतात, "ऑर्व्हिल खोलीत असते ना, तर त्यांनी त्याला पन्नासात ठेवला असता." हे वाक्य मला पाठ आहे. तुम्हालाही पाठ असेल. खरं सांगते, मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. वाटायचं, माझ्या जागी तो माणूस असता, तर पोराला आणखी चार चांगले हिवाळे मिळाले असते. आणि ऑर्व्हिल? ते प्लाट्स खात बसायचे. तोंडातून अक्षर नाही.

तर आज दुपारी मी ऑर्व्हिलना घरून इथे आणायला गेले. काकू आधीच हॉलवर आल्या होत्या. गाडीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, ऑर्व्हिल, आज तुमची नोकरी संपली, नियमही संपला. सांगा आता, किती खाली टाकलं मी त्या पोराला? त्यांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले,

"मी त्याला यादीतच घेतला नसता."

मी गाडी बाजूला घेतली. मला ती चालवताच येईना.

ते म्हणाले, तो डावीकडे वळत नव्हता. घरात राहायला आला त्या आठवड्यात मला ते दिसलं होतं. मोठ्या लीगमध्ये लोकांनी त्याला गरगर फिरवून सोडला असता. मी त्या खोलीत असतो, तर मला हेच सांगावं लागलं असतं. "आणि संध्याकाळी त्याच्यासमोर बसून बटाटे खावे लागले असते. नोएला, त्या दिवशी ते दार उघडून बाहेर पडताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं आयुष्यात कधी वाटलं नाही." मी विचारलं, मग हे काकूंना का नाही सांगितलंत? म्हणाले, सांगणारच होतो. पहिल्या वर्षी राहून गेलं. मग ती पन्नासात म्हणायला लागली, आणि ते म्हणताना तिचा चेहरा असा काही व्हायचा की माझा धीर होईना. मग म्हणाले, आज तू सांग. एवढ्या माणसांत ती मला काही करणार नाही.

काकू, मी सांगितलं. बघा, ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीयेत.

पण मी एवढ्यावर थांबणार नाही, कारण गोष्ट एवढीच नाही, आणि उरलेली त्यांनी मला सांगितलेली नाही. हॉलवर पोचल्यावर मी तडक मागे तोबीकडे गेले. म्हटलं, हे त्याला माझ्या तोंडून आधी कळू दे, सर्वांदेखत नको. तो मासे उलटत होता. मी चाचरत सांगितलं, की ऑर्व्हिल असते तर तुला त्यांनी यादीतच घेतला नसता. त्याने झारा खाली ठेवला नाही. म्हणाला, "ठाऊक आहे मला. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

सॅस्कटूनच्या सभेहून ऑर्व्हिल घरी परतले ते अंगणात बर्फ उपसायला गेले, आणि तोबीला हाक मारली. यादीबद्दल, सभेबद्दल एक शब्द नाही. एवढंच म्हणाले, मी तुला निवडला नसता. का ते ऐकायचं असेल तर सांगतो, नसेल ऐकायचं तर आत जाऊन जेव. तोबी म्हणतो, मी फावडं फेकून दिलं. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. वडलांची बोट समोर दिसत होती. घरच्यासारखं मानलेल्या माणसाने असं म्हणावं? आणि तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्यांना विचारलं, का?

तुमच्या घरामागे ते तळं आहे ना काकू? तुम्हाला सांगितलं होतं की शेजारच्या पोरांसाठी दोघं तिथला बर्फ साफ करतात. साफ कसला! बर्फ वितळेपर्यंत, प्रवासावर नसतील त्या प्रत्येक दुपारी, हे ऑर्व्हिल थीसन, साठीला टेकलेले, रबरी बूट घालून हातात झाडू घेऊन त्या तळ्यावर उभे राहायचे. तोबी अंगावर धावून यायचा आणि हे झाडू आडवा घालायचे, डावीकडून. पुन्हा. पुन्हा. तोबी चुकला की दोघंही आडवे. तो म्हणाला, ते माझ्याहून जास्त वेळा पडले. आणि घरी येऊन तुम्ही त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांना मलम चोळायचात, आणि या वयात बर्फ कशाला उपसता म्हणून ओरडायचात. एक अक्षर बोलले नाहीत ना ते?

मला तिथे रडू फुटलं. तळणाचा धूर आहे असं मी तोबीला सांगितलं, आणि त्याने भल्या माणसासारखं ते मान्य केलं.

मार्चमध्ये काचेपाशी उभं राहून मी जो पोरगा पाहिला, आणि पोरं या वयात वाढतात असं म्हटलं, तो असा वाढला होता. मी चुकले नव्हते. ऑर्व्हिलही चुकले नव्हते. आम्ही सगळ्यांनी तेव्हा त्या नियमाचा केवढा डांगोरा पिटला होता, तोंड बंद ठेवल्याचा केवढा अभिमान! अहो, सभेत गप्प बसणं काय, ऑस्टबींनासुद्धा जमलं. ज्याच्यावर जीव आहे, त्याला अंगणात उभं करून, तू कमी पडतोस हे त्याच्या तोंडावर सांगायचं, त्याचा राग सोसायचा, आणि मग त्याच्यासाठी बर्फावर आपटत राहायचं, हे किती जणांना जमेल? ऑर्व्हिल, मी सोमवारपासून तुमच्या खुर्चीवर बसणार आहे. क्रमवारी मला लावता येते. हे दुसरं मला जमेल की नाही, मला ठाऊक नाही. मला त्याची धास्ती वाटते, आणि हे तुमच्यादेखत कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आता आवरतं घेते. रिंक समितीचे, सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या सगळ्या भगिनींचे, आणि दहा मिनिटांची पंचवीस होताना फक्त दोनदाच घड्याळाकडे बघणाऱ्या आपल्या अध्यक्षांचे मी आभार मानते. बोलण्याच्या भरात कोणाच्या वारेनिकींचा, कोणाच्या भुकेचा किंवा कोणाच्या संसाराचा अवमान झाला असेल, तर तो माझ्या नवेपणाच्या खात्यावर टाका आणि मोठ्या मनाने मला माफ करा. अजून दोन शब्द बोलायचे होते, पण वेल्माकाकू उठल्या आहेत.

नाही ऑर्व्हिल, तुम्ही बसा. खुर्ची मागे घेऊ नका.

काकू ऑर्व्हिलपुढे वाकल्या आहेत आणि त्यांनी ऑर्व्हिलच्या गुडघ्यावर हात ठेवलाय. मंडळी, आपण सगळे आता जरा मासे खायला बाहेर जाऊ या.